विश्लेषण : चाकू घडवायला शिकायचेय, पण शिकवणार कोण?

ट्रकच्या जुन्या पाट्यापासून चाकू घडवण्याचे व्हिडिओ पाहून अनेक तरुण ग्राइंडर विकत घेतात, घरामागे छोटी भट्टी बांधतात आणि तिसऱ्या-चौथ्या पात्याला अडतात. पाते तेलात बुडवताच वाकडे होते, नाहीतर फरशीवर पडून काचेसारखे तुटते. तेव्हा पहिल्यांदा वाटते, कोणीतरी शेजारी उभे राहून सांगायला हवे होते.

व्हिडिओ पुरेसे का पडत नाहीत?

माहितीची टंचाई नाही. पाट्याच्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, बेअरिंगच्या पोलादात सुमारे १ टक्का. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते; त्याहून थोडे वर नेऊन पाते तेलात विझवायचे. मग ते कडक पण ठिसूळ होते, म्हणून पुन्हा २०० अंशांच्या आसपास तास-दोन तास तापवायचे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे पुस्तक एवढे सांगतेच.

पुस्तक सांगत नाही ते डोळ्याचे आणि कानाचे काम आहे. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात फिका दिसतो, म्हणून भट्टी सावलीत असते. उन्हात रंग पाहून फसलेला नवशिका पाते गरजेपेक्षा जास्त तापवतो, पोलादाचा कण मोठा होतो आणि धार टिकत नाही. कानस पात्यावरून घसरते आहे की चावते आहे, हे हाताला कळावे लागते. लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतो, ते काही सेकंदांचे काम. चूक नेमकी कोणत्या सेकंदाला झाली, हे बाजूला उभा असलेलाच सांगू शकतो.

इतर देशांत गुरू कसा मिळतो?

अमेरिकेत १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ने यासाठी पायऱ्या ठरवल्या आहेत. काही वर्षे उमेदवारी केल्यावर ‘जर्नीमन’ची परीक्षा देता येते. एकाच पात्याने लटकता दोर कापायचा, लाकडी फळ्या तोडायच्या, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे आणि शेवटी पाते ९० अंशांत वाकवायचे; त्याचे दोन तुकडे होता कामा नयेत. जपानमध्ये तलवार घडवण्याचा परवाना हवा असेल, तर परवानाधारक गुरूकडे किमान ५ वर्षे राहावे लागते. दोन्ही ठिकाणी कोणाकडे जायचे, हे नवख्याला ठाऊक असते.

मग महाराष्ट्रात?

इथे गुरू आहेत, पण त्यांना कोणी गुरू म्हणत नाही. विळा, कोयता, खुरपे, अडकित्ता घडवणारा बाजारच्या गावातला लोहार किंवा रस्त्याकडेला पाल ठोकणारे घिसाडी कुटुंब हेच पात्याचे खरे जाणकार. घिसाड्यांच्या पालावर घण बहुतेकदा बाईच्या हातात दिसतो. ‘उस्ताद’ शोधणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

अडचण अशी की ही विद्या घराबाहेर फारशी गेलेली नाही. बापाने मुलाला शिकवली, ती जातीच्या चौकटीतच राहिली. आता मुले दुसऱ्या कामाला लागली आहेत आणि बाहेरच्याला शिकवण्याची रीतच नाही. त्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्यांमुळे ‘मला पाते करायला शिकवा’ म्हणणाऱ्या अनोळखी पोराकडे लोहार संशयाने पाहणारच. शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीकामाची अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणून सुरुवात खंजिराने नव्हे, भाजीच्या सुरीने करावी.

सरकारी योजनेचा उपयोग होतो का?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि सवलतीचे कर्ज मिळते. पण योजना आधीपासून हा धंदा करणाऱ्यांसाठी आहे, नवख्यासाठी नाही. गुरु-शिष्य परंपरेचा उल्लेख तिच्या उद्देशांत आहे. शिष्य घेणाऱ्या लोहाराला मानधन देण्याची तरतूद मात्र तिच्या लाभांत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा साचा कारखान्यांचा. नवरा ऐरणीवर आणि बायको घणावर, असा ‘कारखाना’ त्यात बसत नाही. लोहाराला विद्यार्थी समजून पैसे द्यायचे आणि शिक्षक समजून काहीच नाही, ही या धोरणातली सर्वांत मोठी उणीव आहे.

जायचे कसे?

फुकट शिकण्याची अपेक्षा सोडून. शिकाऊ माणूस कोळसा जाळतो, लोखंड वाया घालवतो आणि गिऱ्हाईक खोळंबवतो. म्हणून दिवसाची मजुरी आधी ठरवून द्यावी आणि निदान पंधरा दिवस सलग जावे. पेरणीआधी अवजारांची घाई असते, ऊसतोडीच्या तोंडावर कोयत्यांची. या दोन्हींच्या मधले दिवस निवडावेत. मोडलेले पाते सोबत न्यावे. ‘शिकवाल का?’ या प्रश्नाला नकार मिळेल, पण ‘मामा, हे का तुटलं?’ विचारल्यावर तुटलेली कड उजेडात धरून न पाहणारा लोहार विरळा. पहिल्या आठवड्यात भाता किंवा पंखा चालवायलाच लावतील. तेव्हा कॅमेरा खिशात ठेवावा आणि आगीचा रंग पाहावा.