'खंडकरी', 'सीलिंग', 'वर्ग २' : इंदापूरच्या जमिनींच्या बातम्यांमधले हे शब्द नेमकं काय सांगतात?

'सातबारा नावावर, फेरफार झालेला, टायटल क्लिअर.' बारामती-इंदापूर भागातल्या जमिनीची अशी जाहिरात तुम्हीही व्हॉट्सॲपवर पाहिली असेल. पण सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे जमीन विकायची पूर्ण मुभा असते का? नाही. का, ते वालचंदनगरच्या जमिनींच्या गोष्टीतून समजून घेऊया.

खंडकरी म्हणजे कोण?

खंड म्हणजे जमीन कसायला दिल्याबद्दल मिळणारा मोबदला. त्यामुळे 'खंडकरी' म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, असं अनेकांना वाटतं. इथे अर्थ बरोबर उलटा आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आल्यावर या पट्ट्यात ऊस वाढला. खासगी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. ज्यांनी जमिनी दिल्या, ते मूळ मालक म्हणजे खंडकरी.

सीलिंग म्हणजे काय?

एका कुटुंबाने किंवा संस्थेने जास्तीत जास्त किती शेतजमीन ठेवावी, याची कायद्याने घातलेली मर्यादा. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यामुळे कारखान्यांकडच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे आल्या. कारवाई कारखान्यांवर झाली, पण जमीन मूळ मालकांचीही गेली. ती परत मिळवायला दोन-तीन पिढ्या लढल्या. प्रत्यक्ष वाटपाला वेग आला तो २०१२ नंतर.

वर्ग १ आणि वर्ग २ मध्ये फरक काय?

जमीन परत मिळाली, पण 'भोगवटादार वर्ग २' म्हणून.

• वर्ग १ : जमीन हस्तांतरित करण्यावर सरकारी परवानगीची अट नाही.
• वर्ग २ : जमीन तुमच्या ताब्यात, उताऱ्यावर तुमचं नाव, पण ती हस्तांतरित करण्यावर अटी. विक्रीसाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. परवानगीशिवाय व्यवहार केला, तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमाही होऊ शकते.

म्हणूनच खंडकऱ्यांची मागणी होती : आमचीच जमीन आम्हाला परत देताय, तर वर्ग १ म्हणून द्या. सरकारने अलीकडे तसा निर्णय घेतला. पण निर्णयाची बातमी आली म्हणून उतारा आपोआप बदलत नाही. त्या जमिनीचा आदेश निघून फेरफार व्हावा लागतो.

फेरफार म्हणजे मालकी?

नाही. फेरफार ही महसुली दप्तरातली नोंद आहे. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलंय. मालकी ठरते ती खरेदीखत, वारसा किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारख्या आधारावर.

मग तुम्ही काय पाहायचं?

सातबाऱ्यावर आधी 'भूधारणा पद्धती' वाचा. तिथे वर्ग २ असेल, तर विसार देण्याआधी परवानगीचा आदेश मागा. 'इतर हक्क' हा रकानाही पाहा. बोजा, कुळ, न्यायालयातला दावा अशा नोंदी तिथे सापडतात. महाभूमीच्या संकेतस्थळावर विनास्वाक्षरी सातबारा मोफत पाहता येतो.

नाव कुणाचं, हे सगळेच बघतात. वर्ग कोणता, हेही बघा.