घर घेण्यापूर्वी एक पावसाळा

बदलीचा हुकूम हातात पडला की नोकरदार माणसाच्या घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. मुलांची शाळा कुठली आणि राहायचे कुठे? पहिल्या प्रश्नाला निदान जून महिन्याची मुदत असते. दुसऱ्याला तशी मुदत नसते, तरी घाई मात्र त्यातच होते. ‘भाडे भरत बसण्यापेक्षा हप्ता भरलेला काय वाईट?’ हे वाक्य घरात कुणीतरी उच्चारते, सासुरवाडीकडून त्याला दुजोरा मिळतो आणि आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार आपण दोन रविवारांत उरकून टाकतो. भाजी घेताना सगळी मंडई पालथी घालणारी माणसे आपण!

हा व्यवहार मी एकदा केला आणि एकदा करता करता थांबलो. पहिला साताऱ्यात, दुसरा सांगलीत. दोन्ही गावे कृष्णाकाठची. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी साताऱ्याला माहुलीच्या घाटावरून खाली उतरते, कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते आणि सांगलीला येते. दोन्हीकडे घर बघताना खरा प्रश्न पाण्याचाच असतो. साताऱ्यात ते वर चढेल का हे पाहायचे आणि सांगलीत ते आत येईल का हे पाहायचे. मी दोन्हीकडे ओटा, फरशी आणि पूर्वेची खिडकी पाहत होतो.

साताऱ्याची बदली २००६ सालची. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही पाहिला तो दुपारी चार वाजता. स्वयंपाकघरातून यवतेश्वरचा डोंगर दिसत होता, वारा भणाणत होता. सौ. म्हणाली, ‘इथे पंखासुद्धा लागणार नाही.’ पंखा खरोखरच फारसा लागला नाही. मोटार मात्र रोज लागली. सातारा उतारावर वसलेले गाव आहे. त्याला एक पाणी कासच्या तलावातून येते, ते पठारावरून आपल्याच वजनाने खाली उतरते. दुसरे शहापूर योजनेचे, ते उरमोडी नदीतून पंपाने वर चढवावे लागते. आपले घर कुठल्या वाहिनीवर आहे, उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे आणि वाहिनीच्या तोंडाशी आहे की शेपटाशी, यावर तिथल्या गृहिणीची सकाळ ठरते. आमचे घर शेपटाशी होते. त्यामुळे साताऱ्यात होतो तोवर पहाटे चारचा गजर आमच्या घरी घड्याळाने नव्हे, नळाने ठरवला. हे सारे गल्लीतल्या कुठल्याही बाईने मला पाच मिनिटांत सांगितले असते. पण मी कुणाला विचारलेच नव्हते, आणि पाहायला गेलो तो नळ कोरडा असण्याच्या वेळी.

ही झाली गैरसोय. गैरसोयीची सवय होते. सांगलीत प्रश्न सवयीचा नव्हता.

२०१८ च्या उन्हाळ्यात सांगलीला बदली झाली. नदीच्या बाजूला, कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर एक नवी इमारत होती. विश्रामबागेत ज्या किमतीला दोन खोल्या, त्या किमतीला इथे तीन मिळत होत्या. गणपतीचे देऊळ जवळ, बाजारपेठ जवळ. बिसाराची रक्कम खिशात घेऊनच मी दुसऱ्यांदा तिथे गेलो. दलाल यायचा होता, म्हणून शेजारच्या जुन्या वाड्याच्या पायरीवर टेकलो. आत तांदूळ निवडत बसलेल्या आजींनी पाणी दिले आणि विचारले, ‘घर बघायला आलास होय बाळ? घर बघितलंस, पण पाणी बघितलंस का?’

नळाला पाणी चांगले आहे, असे मी मोठ्या अनुभवी आवाजात सांगितले. आजी हसल्या. सोप्यातल्या भिंतीवर त्यांनी हात ठेवला तो माझ्या छातीच्या उंचीला. ‘दोन हजार पाचला इथवर. कृष्णामाई आली की पहिल्यांदा ह्या बोळातनं येते. मागं ओढा होता, तो आता तुमच्या त्या इमारतीच्या पार्किंगखाली गेला.’ मग त्यांनी मला वाडा दाखवला. रस्त्यापासून पुरुषभर उंच जोते, वर माडी, माडीवर धान्याच्या कोठ्या. ‘पाणी चाळीस फुटांवर गेलं म्हणाले की आम्ही सामान वर न्यायला लागतो. तुम्ही कुठं नेणार?’

चाळीस फूट म्हणजे आयर्विन पुलावरची पातळी. १९२९ साली खुला झालेला हा पूल सांगलीची पावसाळ्यातली पंचांगच आहे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे तिथल्या शाळकरी पोराला पाठ असते. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र तो नुसता एक देखणा जुना पूल दिसतो.

मी बिसार न देता परत आलो आणि विश्रामबागेच्या बाजूला भाड्याने दोन खोल्या घेतल्या. त्या वर्षीचा पावसाळा साधाच गेला. सौ.ने दोनदा ऐकवले, ‘आजींच्या शब्दावर तीन खोल्या घालवल्यात.’ मला उत्तर सुचले नाही.

ते २०१९ च्या ऑगस्टने दिले. आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेले. २००५ ची पातळी मागे पडली. अर्धे गाव पाण्याखाली, माणसे गच्च्यांवर, होड्या रस्त्यांवर. ब्रह्मनाळला सुटकेची नावच उलटली आणि माणसे गेली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या वर चढले. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणून सांगायची सोयही राहिली नाही.

इथवर ही माझ्या शहाणपणाची गोष्ट वाटेल. ती तशी नाही. मी सोडलेल्या त्याच इमारतीत, तळमजल्यावर, माझ्या एका तरुण सहकाऱ्याने घर घेतले होते. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून तळमजला. वास्तुशांतीला मी जेवून आलो. आजींनी भिंतीवर ठेवलेला हात मला जेवताना आठवत होता. पण व्यवहार झालेला, घरात मंगलकार्य, अशा वेळी अभद्र कशाला बोलायचे, म्हणून गप्प बसलो. पुरात त्याच्या घरात पंख्यापर्यंत पाणी होते. आईवडिलांना आदल्या रात्री हलवले म्हणून ती वाचली. चिखल उपसायला मीही गेलो होतो. फावडे टेकून त्याने विचारले, ‘साहेब, तुम्हीही इथलंच घर बघितलं होतं ना? मग का नाही घेतलंत?’ मी खरे सांगितले. तो काही बोलला नाही. २०२१ नंतर तो दुसरीकडे भाड्याने राहू लागला. भाडेही भरतो आणि त्या घराचा हप्ताही. घर विकायला काढले आहे, पण आता येणारे गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो पाण्याचा.

म्हणून मला वाटते, या विषयात अडचण माहितीच्या अभावाची नाही. माहिती गावाकडे असते. ती व्यवहाराच्या वेळी बोलली जात नाही. दलाल बोलत नाही, कारण त्याची दलाली जाते. शेजारी बोलत नाहीत, कारण भागाची किंमत उतरते. माझ्यासारखे भिडेपोटी बोलत नाहीत. बँकेचा वकील सातबारा, सिटी सर्व्हेचा उतारा, तीस वर्षांचा शोध सगळे तपासतो. माझ्या कर्जाच्या अर्जात पाणी कुठवर येते असा रकाना नव्हता. नदीच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. त्या आखतात इंजिनियर, पण घर घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या कुणी धरत नाही. घराच्या प्रत्येक जाहिरातीत आणि खरेदीखतात या दोन रेषा आणि २००५ व २०१९ ची पातळी लिहिण्याची सक्ती का असू नये? चौकाचौकातल्या खांबांवर त्या पातळ्या ठळक रंगवायला कितीसा खर्च येतो?

‘ज्याला परवडत नाही त्याने काय करायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. सखल जागा स्वस्त असते, म्हणूनच तिथे गुंठा गुंठा घेऊन माणसे घरे बांधतात. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट दिली. कागद नियमित झाला म्हणून जमीन उंच होत नाही. अशा ठिकाणी राहायचेच असेल तर निदान जुन्या वाड्याकडून शिकावे: उंच जोते, वर एक माडी, महत्त्वाचे कागद वर. आणि घराचा विमा पुरासह उतरवावा.

ज्याला निवडीची मुभा आहे, त्या बदलीवाल्याला मात्र एवढेच सांगेन. आधी भाड्याने राहा आणि एक पावसाळा काढा. एका पावसाळ्यात पूर येईलच असे नाही. माझ्या पहिल्या पावसाळ्यात तो आला नव्हता. पण तेवढ्या मुदतीत दूधवाला, वाणी, शेजारच्या आजी ओळखीच्या होतात आणि त्या मागचे पावसाळे सांगतात. साताऱ्यात घर पाहायचे तर नळ येण्याच्या वेळी जा. सांगलीत पाहायचे तर जुन्या भिंतींकडे पाहा. वर्षभराचे भाडे वाया गेले, असे कुणी म्हणाले तर म्हणू द्या. ती त्या गावाची शिकवणीची फी आहे.

आणि दुसऱ्या कुणी घर पाहिल्याचे कानावर आले, तर वास्तुशांतीच्या आमंत्रणाची वाट न पाहता त्याच्याकडे जा आणि माहीत असेल ते सांगा. तो कदाचित रागावेल. मी ती संधी पंगतीत बसून घालवली.