बाईंनी पुस्तके किती लिहिली?

गेल्या दिवाळीत महाळुंगे पडवळला आमच्या ओसरीवर फराळ चालला होता. मी गर्ट्रूड बिंग या जर्मन विदुषीची हकीकत रंगात येऊन सांगत होतो. चकली मोडीत एक प्राध्यापक पाहुणे म्हणाले, "ते ठीक, पण बाईंनी पुस्तके किती लिहिली?" तेव्हा मी गप्प बसलो. आज बसणार नाही.

बिंगबाई १८९२ साली हँबुर्गला ज्यू कुळात जन्मल्या. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवून त्या आबी वारबुर्ग यांच्या ग्रंथालयात रुजू झाल्या. ग्रंथालय तरी कसले? तेथे पुस्तके शेजार पाहून लावीत. मागायला आलात त्या पुस्तकापेक्षा त्याच्या शेजारचेच तुमच्या उपयोगी पडेल, अशी वारबुर्ग यांची श्रद्धा. असा शेजार जुळवणे ही कारकुनी नव्हे, महाराज! दहा शास्त्रे पोटात असल्याखेरीज एक फळी लागायची नाही.

१९३३ साली हिटलर आला आणि जर्मनीत पुस्तकांच्या होळ्या पेटल्या. त्याच डिसेंबरात हे ग्रंथालय ५३१ पेट्यांत भरून दोन लहान आगबोटींनी लंडनला निघाले. कागदोपत्री म्हणे तीन वर्षांच्या उसनवारीवर! सुमारे साठ हजार ग्रंथ. फ्रिट्झ झाक्सल आणि बिंगबाई यांनी परक्या मुलुखात तो संसार पुन्हा मांडला. १९४४ साली लंडन विद्यापीठाने तो आपल्या पदरी घेतला. १९५५ ते १९५९ बाई त्याच्या संचालक होत्या.

त्यांनी वारबुर्ग यांचे लेखन संपादून १९३२ साली छापवले. त्यांचे चरित्र मात्र बाईंच्या हातून पुरे झाले नाही. १९६४ साली त्या वारल्या. ते चरित्र पुढे गोम्ब्रिख यांनी लिहिले. म्हणजे पाहुण्यांच्या हिशेबी बाईंच्या नावावर भोपळा!

आमच्याच गावचा बाबू गेनू. डिसेंबर १९३० मध्ये मुंबईत विलायती कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला. त्याने ग्रंथ किती लिहिले, असे विचारायची कोणाची छाती आहे? मग ज्ञान राखणाऱ्यालाच हा प्रश्न का?

मीही एका वाचनालयाची किल्ली बावीस वर्षे कनवटीला बाळगली. या पाहुण्यांच्या प्रबंधासाठी वाळवी झटकून मीच पुस्तके हुडकून दिली होती. परवा तो छापील प्रबंध हाती आला. ऋणनिर्देश दीड पानाचा आहे. सासऱ्यांचे नाव आहे, टंकलेखकाचे आहे, चहा पुरवणाऱ्या मित्राचेही आहे. चष्मा पुसून पुन्हा वाचला. ग्रंथपाल काही सापडला नाही.