जीर्ण घरांची प्रकृतिपरीक्षा

साठी उलटली, कीं वर्षांतून एकदां वैद्यास नाडी दाखवावी, हें आतां सुशिक्षित कुटुंबांत सर्वमान्य झालें आहे. परंतु ज्या घरांत आपण राहतों, त्याचें वय किती जणांस ठाऊक असतें? प्रस्तुत लेखकास तें गेल्या श्रावणापर्यंत ठाऊक नव्हतें.

नव्या पेठेंत एका तीन मजली इमारतींत आमचें बिऱ्हाड आहे. श्रावणांतील एके दुपारीं सज्जाच्या छताचा पाटाएवढा पोपडा निखळून खालीं आला. पांच मिनिटांपूर्वीं तेथेंच नातू अभ्यास करीत बसला होता. वर पाहिलें, तों गंजून फुगलेली सळई! मालक म्हणाले, "भाडें जुनें, दुरुस्ती आजच्या दरानें कशी करूं?" शेजारी म्हणाले, "मास्तर, तपासणीचें नांव काढूं नका. इमारत धोकादायक ठरली, तर आपण रस्त्यावर." दोघांचेंही म्हणणें अगदींच खोटें नव्हतें, म्हणूनच काम अडलें होतें.

कायदा मात्र स्पष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ अन्वयें, ३० वर्षें पुरीं झालेली इमारत महानगरपालिकेकडे नोंदलेल्या संरचना-अभियंत्याकडून तपासून घ्यावी, व ती राहण्यास योग्य असल्याचा दाखला आयुक्तांकडे सादर करावा. आणि हें कर्तव्य मालकाचें किंवा भोगवटादाराचें आहे. यांतील 'किंवा' हें अव्यय आम्ही आयुष्यभर मुलांस शिकविलें. त्याचें वजन या वयांत कळलें.

सिमेंटाच्या कवचांत लोखंड सुरक्षित असतें. पाणी झिरपलें, कीं तें गंजतें. गंज मूळ लोखंडाहून पुष्कळ अधिक जागा व्यापतो आणि आंतून रेटा देऊन कवच फोडतो. अशा जागीं नुसता गिलावा चढविला, तर रोग झांकतो, बरा होत नाहीं. अभियंता विशिष्ट हातोडीनें पृष्ठभागाचा कठीणपणा पाहतो, ध्वनिलहरी सोडून आंतील पोकळ्या ओळखतो आणि जरूर तेथें खांबाचा लहानसा गाभा काढून त्याचें बळ प्रयोगशाळेंत अजमावतो.

उपेक्षेचीं फळें दूर शोधावयास नकोत. आमच्याच जिल्ह्यांत, करमाळ्यास, ३१ जुलै २०१९ रोजीं एका बँकेच्या शाखेचें छत भर कामकाजाच्या वेळीं कोसळलें. मुंबईंत भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत धोकादायक ठरूनही वसती राहिली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं ती पडून ३३ जीव गेले. महाडची तारिक गार्डन तर दहा वर्षांचीही नव्हती. २४ ऑगस्ट २०२० रोजीं तिनें १६ बळी घेतले. तात्पर्य, तीस वर्षें ही कायद्याची मर्यादा झाली; तडा, ओल व गंज दिसल्यास त्याआधींही तपासणी करावी.

शेजाऱ्यांची भीति दूर झाली ती वर्गवारी समजल्यावर. पाडण्यायोग्य इमारत सी-१. रिकामी करून दुरुस्त करावयाची सी-२अ. न सोडतां दुरुस्त होणारी सी-२ब. किरकोळ दुरुस्तीची सी-३. तपासणी म्हणजे घर सोडणेंच, असें नव्हे. उलट विलंबानेंच वरचा वर्ग खालच्याची जागा घेतो.

अखेर नऊ बिऱ्हाडांनीं व मालकांनीं वर्गणी केली. अहवाल आला : सी-२ब. तळमजल्याच्या एका खांबाची कड फळ्या बसविण्यासाठीं कोणीं तरी पूर्वीं तासून काढली होती, हेंही त्यांतच कळलें! त्या खांबावर तीन मजले निजत होते. काम सुरू आहे; दोन बिऱ्हाडांची वर्गणी अजून यावयाची आहे, आणि आम्ही रोज संध्याकाळीं तगाद्यास जातों.

देवळाच्या जीर्णोद्धारास आपल्याकडे पुण्य मानतात. ज्या छपराखालीं मुलेंबाळें निजतात, त्याचें पुण्य कमी कां मानावें? वाचकांनीं आजच दिवेलागणीपूर्वीं आपल्या घराचें वय शोधावें, आणि एकदां मान वर करून छताकडे पाहावें.