जहाजावर अडकलेले खलाशी: दंडुक्याची जागा एजंटने कशी घेतली?

'मर्चंट नेव्हीत भरती, पगार डॉलरमध्ये.' चाकण-भोसरी पट्ट्यात कंत्राटावर राबणाऱ्या आयटीआयवाल्या तरुणाला ही जाहिरात खुणावणारच. जहाजाच्या इंजिन रूमलाही फिटर लागतो. पण एजंट बोगस निघाला, तर हीच नोकरी कैद ठरू शकते.

सक्तीची भरती कशी व्हायची?

शिडाच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश नौदलाला माणसं कमी पडत. मग 'प्रेस गँग' नावाच्या टोळ्या बंदरांतून आणि व्यापारी जहाजांवरून खलाशी उचलून युद्धनौकांवर नेत. कायद्याचीच त्याला मान्यता होती. अमेरिकी जहाजांवरूनही खलाशी नेले गेले. 1812 च्या ब्रिटन-अमेरिका युद्धाचं ते एक मोठं कारण होतं. खलाशी पळू नयेत म्हणून त्यांचा सहा महिन्यांचा पगार मागे ठेवला जाई.

आज काय घडतं?

आता कुणी उचलून नेत नाही. पण मालक कर्जात बुडाला की जहाज वाऱ्यावर सोडतो. पगार थांबतो, अन्न आणि डिझेल संपतं. खलाशी उतरला तर थकलेला पगार बुडण्याची भीती असते. शिवाय जहाज पूर्ण रिकामं ठेवायला बंदर प्रशासन सहसा परवानगी देत नाही. इजिप्तमध्ये 'एमव्ही अमन' या जहाजाचा कायदेशीर राखणदार ठरवलेला एक सीरियन खलाशी जवळपास 4 वर्षं अडकला. त्याची सुटका 2021 मध्ये झाली.

इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशनच्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये 312 जहाजांवरच्या 3,133 खलाशांना असं सोडून देण्यात आलं. त्यात सर्वाधिक 899 भारतीय होते.

कायदा काय सांगतो?

भारताने 2015 मध्ये सागरी कामगार करार स्वीकारला. त्यानुसार दोन महिने पगार थकला आणि मालकाने संबंध तोडले, तर खलाशाला 'सोडून दिलेला' मानलं जातं. अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळायला हवा. पण विमाच नसलेल्या जुनाट जहाजांवर हे संरक्षण कागदावरच राहतं. बोगस एजंट बहुधा अशाच जहाजांवर माणसं पाठवतात.

मग काय तपासायचं?

एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे का, ते महासंचालनालयाच्या वेबसाइटवर बघा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. एजंटने लाखांची मागणी केली, तर तिथेच थांबा. जहाजाचं नाव, मालक आणि विमा कळल्याशिवाय करारावर सही करू नका.