प्राध्यापकांची उजळणी प्रमाणपत्रापुरतीच?

शाळेत शिकविण्यासाठी डीएड किंवा बीएड लागते. महाविद्यालयात मात्र पदव्युत्तर पदवीला नेट, सेट वा पीएचडीची जोड असली की पुरते. अध्यापनाची वेगळी पदवी कोणी मागत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे’ सुरू केली. २०१५मध्ये त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रे झाली, तर २०२३मध्ये ‘मालवीय मिशन’ आले. १११ केंद्रांतून १५ लाख अध्यापकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट तेव्हा जाहीर झाले.

पाटी दोनदा बदलली. मूळ प्रश्न मात्र कायम आहे. उद्बोधन आणि उजळणी वर्ग पदोन्नतीच्या अटींत मोडतात. त्यामुळे प्रमाणपत्र फाइलला लागते आणि काम संपते. परतल्यावर शिकविणे किती सुधारले, हे त्या कागदावरून कळत नाही.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. राज्यातील अनेक महाविद्यालयांचा गाडा तासिका तत्त्वावरील अध्यापक ओढत आहेत. त्यांना पदोन्नतीच नाही. शिवाय मानधन घेतलेल्या तासांवर मिळत असल्याने प्रशिक्षणाला जाणे म्हणजे पदरमोड. साहजिकच, ज्यांना प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज, तेच त्यापासून दूर राहतात.

नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमांची रचना बदलली आहे. ती वर्गात उतरवायची, तर प्रशिक्षणाच्या काळातील मानधनाची हमी आणि नंतर अध्यापनाची प्रत्यक्ष पाहणी, एवढे तरी व्हायला हवे. अन्यथा उजळणी प्राध्यापकांची होईल, नुकसान विद्यार्थ्यांचे.