गोळ्या सुरू झाल्या, पण तपासणीची तारीख?

धानाची रोवणी लागली की मजुरी बुडवायला कोणी तयार नसतो. तिरोडा, आमगाव, देवरीकडची माणसे गोंदियाची खेप पुढे ढकलतात. इतर कामे थांबतील, पण एच.आय.व्ही.चा उपचार घेणाऱ्यांची रक्ततपासणीची तारीखही त्यात निघून जाते. म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

१ एप्रिल २००४ पासून सरकार ही औषधे मोफत देऊ लागले. २०१७ पासून तर लागण आढळताच उपचार सुरू करतात. बहुतेक मोठ्या माणसांना आता रोज एकच गोळी असते. काही महिन्यांत भूक लागते, वजन वाढते आणि माणूस म्हणतो, "मी बरा झालो, आता सुई कशाला?"

इथेच चूक होते. पारखून घेतल्याशिवाय मानू नका, ही तथागतांची शिकवण आहे. बरे वाटते, एवढ्यावर विसंबू नये. सीडी-फोर तपासणीतून शरीराची प्रतिकारशक्ती कळते, तर व्हायरल लोडमधून रक्तात विषाणू किती ते कळते. ही दुसरी तपासणी उपचारानंतर ६ महिन्यांनी, १२ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करायची असते. औषधाचा मूत्रपिंडावर परिणाम होतो का, हेही रक्तातूनच समजते.

व्हायरल लोड १००० किंवा त्याहून जास्त आला तर घाबरू नये. पुष्कळदा गोळ्या चुकलेल्या असतात. समुपदेशकाला खरे सांगावे, नेमाने गोळ्या घ्याव्यात आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी. तरीही आकडा उतरला नाही तर डॉक्टर औषध बदलतात. तपासणीच टाळली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही.

विषाणू सापडत नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मात्र गोळ्या सोडल्या की तो पुन्हा वाढतो.

ओळखीचे कोणी पाहील, ही भीती आम्ही जाणतो. सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. मग आपल्या माणसासोबत गोंदियापर्यंत जायला आपण का लाजावे? "गोळी घेतली का?" एवढेच विचारू नका, "तारीख कधी आहे?" हेही विचारा. एका दिवसाची मजुरी पुन्हा मिळते.

जयभीम!